याच्यात कोणती पॉवर आहे? मालिकांमधली स्वमग्न माणसं आणि आपल्या गावातली

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया भरायला लागतात. मंडई म्हणजे गावची जत्राच. दिवसा मंडई, रात्री नाटक आणि नाटकाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे. मागच्या मंडईला मी ब्रह्मपुरीकडे बहिणीच्या गावी गेले होते. ओसरीवर माझा भाचा बसला होता. चौदा वर्षांचा आहे. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ, आणि तो एकेक खडा वेचून बाजूला ठेवत होता. मधेच मूठभर तांदूळ कानाजवळ न्यायचा, हळूच खाली सोडायचा, त्यांचा आवाज ऐकायचा. शेजारची बारावीतली मुलगी आली, त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि तिने मला विचारलं, "मावशी, याच्यात कोणती पॉवर आहे?"

प्रश्न कळायला मला वेळ लागला. मग तिने मोबाइल काढला. एका इंग्रजी मालिकेचा तुकडा होता. तरुण डॉक्टर रोग्याकडे बघतो आणि शरीराच्या आतल्या शिरा, अवयव त्याच्या डोळ्यांपुढे चित्रासारखे उभे राहतात. "तो ऑटिझमवाला आहे ना मावशी, अन् हा पण. मग याले काय येते?"

बहीण चुलीजवळून म्हणाली, "तांदूळ निवडते व माय मस्त. आणखी काय पायजे?"

मुलीच्या प्रश्नात खोट नव्हती. गावात भाच्याला मुका म्हणून झालं, येडा म्हणून झालं, बाहेरचं लागलंय म्हणून झालं. त्याच्या वागण्याचं खरं नाव घेणारी ही गावातली पहिली मुलगी. ते नाव तिला शाळेने किंवा दवाखान्याने दिलं नव्हतं, मालिकेच्या दोन मिनिटांच्या तुकड्याने दिलं होतं. आणि असा मुलगा दिसला की त्याच्यातली जादू शोधायची, हेही त्याच तुकड्याने तिला शिकवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अर्धी बरोबर शिकलेली गोष्ट पुसून पुन्हा लिहायला किती कष्ट पडतात, ते रोज पाहते. म्हणून हे मुळापासून मांडते आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मेंदूची घडण सुरुवातीपासूनच वेगळ्या वळणाची असते, त्यामुळे दोन बाबतींत फरक पडतो. पहिली बाब माणसामाणसांतल्या व्यवहाराची: बोलणं, नजर, हावभाव, सोबत खेळणं. दुसरी बाब म्हणजे तेच ते करण्याची ओढ, ठरलेला क्रम मोडला की होणारी घालमेल, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. हे कोणाकडून लागत नाही आणि औषधाने उतरतही नाही. शिकवण्याने, सरावाने, भोवतालच्यांनी समजून घेतल्याने जगणं मात्र पुष्कळ सोपं होतं.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून त्यांनी तो १९११च्या सुमारास घडवला, तोही वेगळ्याच मानसिक आजाराबद्दल बोलताना. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं बारकाईने वर्णन केलं आणि हा शब्द या अवस्थेला चिकटला. आपला मराठी शब्द त्याच अर्थावरून आला. मला तो पुरेसा वाटत नाही. माझा भाचा स्वतःत मग्न नसतो, तो तांदळाच्या आवाजात मग्न असतो. तुमच्या-माझ्या कानांवरून जे नुसतं निघून जातं, ते त्याला ऐकू येतं. पण शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरते.

यातला सगळ्यात अवघड शब्द 'स्पेक्ट्रम'. पुष्कळांना वाटतं की ही एक शिडी आहे, खालच्या पायरीवर 'थोडा' ऑटिझम आणि वरच्या पायरीवर 'खूप'. तसं नाही. आमच्याकडे एकाच सातबाऱ्यावर चार-पाच बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, असतात. एक तलावाखालची, तिच्यात उन्हाळी धानही निघतं. एक टेकाडावरची, आठ दिवस झड लागली तरी तिच्यात पाणी ठरत नाही. एकीत नुसता मुरूम. आता कोणी विचारलं, तुमची शेती चांगली की वाईट, तर एका शब्दात उत्तर देता येईल का? स्वमग्न माणसाचं तसंच असतं. एकाला बोलता येतं, पण बाजारातला गलका सोसवत नाही. दुसरीला शब्द फुटत नाहीत, पण समोरच्याचा चेहरा उतरला की ती पाणी आणून देते. तिसऱ्याला गणित येतं, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. प्रत्येकाच्या बांध्या वेगळ्या, म्हणून स्पेक्ट्रम. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये पूर्वीची निरनिराळी नावं, त्यातच 'अस्पर्जर'ही, एका 'ऑटिझम स्पेक्ट्रम'खाली आणली, ती याच विचाराने.

आणि हे दुर्मीळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज जगात दर १२७ माणसांमागे एक असा आहे. अडीच हजार वस्तीच्या गावात या हिशेबाने वीसेक माणसं निघतील. तुमच्या गावातली किती तुम्हाला ठाऊक आहेत, ते एकदा मोजून बघा. मी माझ्या शाळेच्या गावात मोजली तर तीनच सापडली. उरलेली आहेत, फक्त आपण त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी नावाने हाक मारतो.

पडद्यावरचा हा माणूस आला कुठून

१९८८ मध्ये 'रेन मॅन' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. डस्टिन हॉफमन यांनी त्यात एका स्वमग्न माणसाचं काम केलं आणि त्यांना ऑस्कर मिळालं. त्या पात्राला सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजता येतात, पत्त्यांचा हिशेब तोंडपाठ राहतो. जगभरच्या कोट्यवधी लोकांना ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा याच चित्रपटातून कळला. गंमत अशी की ज्या माणसावरून हे पात्र सुचलं ते किम पीक, अफाट स्मरणशक्तीचे गृहस्थ, स्वमग्न नव्हतेच असं पुढे मानलं गेलं. त्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल जन्मतःच नव्हता. म्हणजे एका वेगळ्याच माणसाची करामत स्वमग्नांच्या नावावर जमा झाली, आणि आज इतक्या वर्षांनी ती आमच्या ओसरीपर्यंत पोहोचली आहे.

पुढे मालिकांनी तीच वाट धरली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात स्वमग्न डॉक्टरची मालिका आली. तिच्यावरून अमेरिकेत 'द गुड डॉक्टर' झाली, ती २०१७ ते २०२४ चालली. आमच्या शेजारच्या मुलीने पाहिला तो तुकडा हिचाच. २०२२ मध्ये कोरियातूनच 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अटर्नी वू' आली. तिची नायिका स्वमग्न वकील, कायद्याची कलमं मुखोद्गत आणि देवमाशांचं वेड. हिंदीत झी टीव्हीवर २००९ मध्ये 'आपकी अंतरा' होती, पाच वर्षांच्या स्वमग्न मुलीची. रोज रात्री सासू-सुनांच्या कथा बघणाऱ्या घरांत ऑटिझम हा शब्द तिने नेला, आणि तोही जादू न दाखवता. तिची आठवण आज फार कमी लोकांना आहे याचं मला वाईट वाटतं.

हुशार दाखवलं तर बिघडलं कुठे?

ही शंका मला सगळ्यात जास्त ऐकू येते. लोक म्हणतात, आधी अशा मुलांना कोंडून ठेवायचे, आता नायक करतात, मग तक्रार कसली?

स्वमग्न माणसांमध्ये अशी विलक्षण देणगी असते का? काहींमध्ये नक्कीच असते. नेहमी सांगितला जाणारा अंदाज दहात एकाच्या आसपासचा आहे. पण पडद्यावर प्रमाण नेमकं उलटं दिसतं. तिथे देणगी नसलेला स्वमग्न माणूसच शोधावा लागतो. उरलेल्या नऊ जणांच्या घरी मग शेजारीण येऊन विचारते, याच्यात कोणती पॉवर? उत्तर 'काही नाही' आलं की तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक विझतं. ते विझताना त्या मुलाच्या आईला स्पष्ट दिसतं.

याच्या मुळाशी एक व्यवहार आहे आणि तो मला फार बोचतो. कथा सांगते, हा मुलगा डोळ्यांत बघत नाही, भलतंच बोलतो, पण बघा, रोग्याचा जीव वाचवतो, म्हणून त्याला सांभाळून घ्या. सांभाळून घेण्याची जणू किंमत ठरली. ती ज्याला मोजता येत नाही त्याने कुठे जायचं? माझा भाचा कोणाचा जीव वाचवणार नाही, कोणता खटला जिंकणार नाही. त्याला ओसरीवर जागा हवी, ताटात भात हवा आणि कोणी चिडवायला नको.

हे मी एकटी म्हणत नाही. 'आंख मिचोली' या हिंदी चित्रपटात अपंगत्वाची थट्टा केल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ८ जुलै २०२४ रोजी त्या प्रकरणात न्यायालयाने अपंग व्यक्तींना पडद्यावर कसं दाखवावं याची सूत्रं सांगितली. त्यांची टर उडवू नये, तसंच त्यांना अचाट शक्तीचे वीर म्हणूनही रंगवू नये, कारण त्यातून असा अर्थ निघतो की असामान्य कर्तृत्व दाखवलं तरच माणूस मानाला पात्र. त्यांच्या संघटनांना विचारून काम करावं, हेही न्यायालयाने म्हटलं. विनोदाबद्दल केलेला फरक तर प्रत्येक नाटकवाल्याने समजून घ्यावा असा आहे: अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला खाली पाडणारा वेगळा.

बाहेरून दिसणारा आणि आतून जगणारा

झाडीपट्टीच्या नाटकात नट मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला सगळं मोठं करतो. रडणं मोठं, हसणं मोठं. मालिकांतला ऑटिझमही पुष्कळदा असाच मोठा करून दाखवतात: मान वाकडी, बोटं वळवळती, आवाज एकसुरी. या खुणा खोट्या नाहीत. पण खुणा म्हणजे माणूस नाही. तो हात का हलवतो, हे कळल्याशिवाय प्रेक्षकाला फक्त चमत्कारिक हालचाल दिसते. माझा भाचा हात हलवतो कारण त्याने त्याच्या आत काही तरी ठिकाणावर येतं. तुम्ही परीक्षेच्या निकालाची वाट बघताना पाय हलवत नाही का?

'द गुड डॉक्टर'मध्ये एक दृश्य आहे. तो डॉक्टर कोलमडतो आणि 'मी सर्जन आहे' असं पुन्हा पुन्हा ओरडतो. २०२३ मध्ये या दृश्याची कात्रणं जगभर थट्टा म्हणून फिरली. आमच्याकडेही फिरली. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करायची. मी त्यांना थांबवलं, पण रागावून नाही, शेताला वीज देणाऱ्या डीपीचं उदाहरण देऊन.

उन्हाळी धानाला पाणी द्यायला सगळ्यांनी एकाच वेळी मोटारी सुरू केल्या की डीपीचा फ्यूज उडतो. डीपी कोणावर रागावलेली नसते, तिला कोणाचं लक्षही वेधून घ्यायचं नसतं. तिच्यावर भारच तेवढा आलेला असतो. स्वमग्न माणसाचं असं कोलमडणं हट्ट नव्हे. हट्टी पोर रडताना एका डोळ्याने आईकडे बघतं, खाऊ मिळाला की गप्प होतं. इथे खाऊ देऊन काही होत नाही. गेल्या वर्षी बहिणीच्या गल्लीतून वरात गेली, डीजे घरासमोर दहा मिनिटं थांबला. भाचा धानाच्या ढोलीमागे जाऊन बसला आणि दोन्ही कानांवर हात दाबून डोकं भिंतीवर आपटत राहिला. बाहेर नाचणाऱ्यांपैकी कोणी आत डोकावलं असतं तर त्याला भिंतीवर डोकं आपटणारा मुलगा दिसला असता. डीजे दिसला नसता. मालिकांचं नेमकं हेच होतं. त्या डोकं आपटणं दाखवतात, डीजे दाखवत नाहीत.

काही ठिकाणी मात्र ते जमलं आहे. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये ज्यूलिया नावाची स्वमग्न बाहुली आधी २०१५ मध्ये पुस्तकातून आणि २०१७ मध्ये टीव्हीवर आली. पहिल्याच भागात मोठा पिवळा पक्षी तिला नमस्कार करतो, ती उत्तर देत नाही. त्याला वाटतं, आपण हिला आवडलो नाही. मग सायरन वाजतो आणि ती कान झाकते. तिच्या मित्रांना हे आधीपासून माहीत असतं, ते पक्ष्याला समजावतात. चार-पाच वर्षांच्या पोराला कळेल एवढंच, पण डीजे आणि डोकं दोन्ही एका चौकटीत. ती बाहुली चालवणाऱ्या स्टेसी गॉर्डन स्वतः एका स्वमग्न मुलाची आई आहेत. मला वाटतं, ते जमण्यामागे हेही एक कारण आहे.

'यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत' हे खरं का?

मालिकांमधल्या निम्म्या विनोदांचा आणि निम्म्या रडारडीचा पाया हाच समज असतो. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये प्रश्न उलटा केला. स्वमग्न माणसाला तुमचं मन वाचता येत नाही म्हणता, तुम्हाला तरी त्याचं कुठे वाचता येतं? दोन वेगळ्या बोलींची माणसं भेटली तर न समजण्याचा दोष एकट्यावर कसा?

२०२० मध्ये एडिनबरात यावर प्रयोग झाला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. एका साखळीत सगळे स्वमग्न, दुसरीत कोणीच नाही, तिसरीत मिसळलेले. गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांएवढीच शाबूत राहिली, गळती जास्त झाली मिसळलेल्या साखळीत. पुढे झालेल्या मोठ्या प्रयोगात तिन्ही साखळ्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण स्वमग्नांची साखळी कमी पडली, असं दोन्हींत दिसलं नाही. आमच्याकडची बाई पहिल्यांदा पुण्याला गेली आणि 'का'ऐवजी 'काहून' म्हणाली तर समोरचा हसतो. तिला मराठी येत नाही असं आपण म्हणतो का?

नट म्हणजे सोंगच, मग स्वमग्न नटच कशाला?

ही शंका मी नाटकवाल्या मुलखात राहते म्हणून मला अगदी जवळची आहे. डाकूचं काम करायला डाकू लागत नाही, हे खरं. पण आमच्या रंगभूमीवर एके काळी बाईचं काम पुरुषच करायचे. चांगलं करायचे. पुढे बायका स्टेजवर आल्या, तेव्हा लोकांना कळलं की पदर सावरण्यापलीकडे बाईकडे रंगमंचावर आणण्यासारखं पुष्कळ आहे. मुद्दा एका नटाच्या कौशल्याचा नाही. ज्या समाजाची गोष्ट सांगताय त्यातल्या एकालाही दारातून आत घेत नाही, ही अडचण आहे.

'अटिपिकल' ही अमेरिकी मालिका २०१७ मध्ये आली तेव्हा तिच्यावर हीच टीका झाली. नायकाचं काम करणारा नट स्वमग्न नव्हता. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वमग्न नट घेतले, आणि त्या मंडळींची आपापसांतली दृश्यं एकदम मोकळी वाटायला लागली. २०२० मधल्या 'एव्हरीथिंग्ज गॉना बी ओके'मध्ये कायला क्रोमर आणि २०२२ मधल्या ऑस्ट्रेलियन 'हार्टब्रेक हाय'मध्ये क्लोई हेडन या स्वतः स्वमग्न अभिनेत्री होत्या. आणि हे फक्त परदेशात होतं असंही नाही. २०१४ मध्ये आपल्या मराठीत 'यलो' आला, त्यात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. डाउन सिंड्रोम ही अवस्था वेगळी, पण दार उघडता येतं हे मराठी पडद्याने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

सगळ्यांना अभिनय जमेल असं नाही. माझ्या भाच्याला जमणार नाही. पण लिहिताना विचारता येतं, सेटवर कोणी बसवता येतं, तयार भाग आधी दाखवता येतो.

कोण दिसत नाही

मुली दिसत नाहीत, किंवा फार उशिरा दिसल्या. निदान होणाऱ्यांत तीन मुलांमागे एक मुलगी असं प्रमाण निघतं आणि खऱ्या मुली त्याहून जास्त असाव्यात असा संशय आहे, कारण मुली लपवायला लवकर शिकतात. आपल्याकडे तर मुलीने खाली मान घालून, कमी बोलून राहावं हेच वळण. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीला मी स्वतः कित्येक वर्षं 'शहाणी' म्हणत आले. त्यातल्या कोणी आतून काय सोसत होत्या, याचा विचार आज छातीत रुततो.

मोठी माणसं दिसत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांचा, भावाच्या घरी राहणारा, रोज ठरल्या वेळी ढोरं सोडणारा, पाहुणा आला की गोठ्यात जाणारा काका कोणत्या मालिकेत आहे? गरीब घर दिसत नाही. उपचारासाठी मजुरी बुडवून एसटीने जिल्ह्याला जाणारी आई दिसत नाही. आणि न बोलणारा माणूस तर जवळजवळ नाहीच, कारण मालिका संवादांवर चालते.

उलट नाव न घेता दाखवलेली पात्रं मात्र पुष्कळ. 'द बिग बँग थिअरी'मधल्या शेल्डनला जगभरचे प्रेक्षक स्वमग्न समजतात, पण करणाऱ्यांनी त्याला तसं ठरवून लिहिलं नसल्याचं सांगितलं. नाव नाही, म्हणून जबाबदारी नाही, हसायची मोकळीक पूर्ण. आपल्या नाटकांत, लग्नाच्या व्हिडिओंत, रीलमध्ये 'येडा' नावाचं जे पात्र असतं, तोतरं बोलणारं, एकच वाक्य घोकणारं, ते कुठून आलं याचा एकदा विचार करा. एकच वाक्य घोकणं हे पुष्कळ स्वमग्न मुलांचं बोलणं असतं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून ती काही सांगत असतात. भाचा पाणी हवं असलं की म्हणतो, "पाणी पाहिजे का?" कारण त्याला ते वाक्य याच रूपात मिळालं आहे. तो प्रश्न विचारत नाही, तो मागतोय. एवढं कळायला आम्हाला घरच्यांना दोन वर्षं लागली.

एवढ्याशा मालिकेने गावाला काय फरक पडतो?

शहरात एका पात्राने चूक केली तर दुरुस्त करायला डॉक्टर आहेत, पालकांचे गट आहेत. गावात त्या शब्दाची ओळख करून देणारं ते एकच पात्र असतं. म्हणून त्याचं वजन इथे फार.

सगळ्यात मोठा फटका आईला बसतो. एके काळी मोठमोठे तज्ज्ञही म्हणत की आई थंड असली की मूल असं होतं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये हे खोडून काढलं. पण ओट्यावर ते अजून जिवंत आहे. माझ्या बहिणीला ग्रहणात भाजी चिरली म्हणून ऐकवलं गेलं, शेतात गेली म्हणून ऐकवलं गेलं, आता मोबाइल दाखवला म्हणून ऐकवतात. मोबाइलच्या अतिरेकाने बोलणं लांबू शकतं, लहान पोरांच्या हातून तो काढलाच पाहिजे, पण त्याने स्वमग्नता होत नाही. लसीने तर नाहीच. १९९८ मध्ये १२ मुलांवरून तसा दावा करणारा जो लेख छापला गेला होता, तो त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

दुसरा फटका वेळेचा. डोळ्यांपुढे हुशार डॉक्टर असला की दोन वर्षांचं, हाक मारल्यावर न बघणारं, बोट दाखवून काही न मागणारं पोर पाहून कोणालाही ऑटिझम सुचत नाही. 'बोलंल, याचा बाप पण उशिरा बोलला होता' म्हणत चार वर्षं जातात. आमची तशीच गेली. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी अशा पोराला घरी ठेवू नका, मुद्दाम न्या. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात स्वमग्नता आहे, म्हणून प्रमाणपत्रही मिळतं. चाळीस प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी त्यासाठी वापरतात. आम्हाला एका ठिकाणाहून 'याचे हातपाय तर धड आहेत' म्हणून परत पाठवलं होतं. तुम्हालाही पाठवलं तर कायद्याचं नाव घ्या आणि तिथेच बसून राहा.

तिसऱ्या भागातला मुलगा

मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोबाइलवर शेजारच्या मुलीला आणि बहिणीला कोरियाच्या वकील बाईची मालिका लावून दिली. मुलगी खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होती. ही मालिकाही जादूवालीच, पण तिचा तिसरा भाग मला मुद्दाम दाखवायचा होता. त्यात आणखी एक स्वमग्न तरुण येतो. धिप्पाड, फारच कमी बोलणारा, एका पेंग्विनच्या पात्राचं वेड असलेला. वकील बाई स्वतः स्वमग्न असूनही तिला त्याच्यापर्यंत पोहोचणं जड जातं. आणि त्याच्या आईवडिलांना तिच्याकडे बघून कालवाकालव होते, कारण आपला मुलगा तिच्यासारखा नाही हे त्यांना ठाऊक असतं. बांध्यांची गोष्ट याहून नीट मी कुठल्या मालिकेत पाहिलेली नाही.

बहीण तो भाग संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. हातातली भाजी तशीच राहिली. मी परत आल्यावरही त्या दोघी रोज रात्री जेवणं झाली की एकेक भाग बघत होत्या. मुलीचा मला अधूनमधून फोन यायचा. वकील बाईने हा खटला जिंकला, तो जिंकला, तिचं लग्नाचं जुळतंय असं दिसतंय, सगळं सांगायची. एकदा मागून बहिणीचा आवाज आला. तिने मुलीकडून फोन घेतला.

"बाई," ती मला म्हणाली, "सोळाही भाग झाले. तो पेंग्विनवाला पोट्टा पुन्हा आलाच नाही. त्याचं पुढं काय झालं असंल?"